सुनेची हजेरी मी लावत होते

"हे बर्नआउटच्या पुढे गेलेलं डिप्रेशन आहे," असं मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा माझी सून रोहिणी दवाखान्याच्या पलंगावर बसून भिंतीकडे बघत होती. तीन दिवस ती एक शब्द बोलली नव्हती.

बर्नआउट म्हणजे काय ते बाईंनी सोपं करून सांगितलं. माणूस महिनोन्‌महिने ताकदीच्या वर ओढत राहतो, झोप आणि विश्रांती मिळत नाही, आणि एक दिवस शरीर आणि मन दोन्ही थांबतात. डिप्रेशन त्याच्याही पुढचं. तो मनाचा आजार आहे आणि त्याला औषध लागतं. "बरी होईल. पण घाई करू नका," त्या म्हणाल्या.

माझा मुलगा संतोष तिथेच रडायला लागला. मी रडले नाही. हे निदान व्हायला तीन दिवस लागले आणि त्यातला एक दिवस माझ्यामुळे वाया गेला होता. एक गोष्ट फक्त मला माहीत होती आणि मी ती दाबून ठेवली होती.

तुमच्या घरात कोणी नोकरी करून शिकत असेल तर हे वाचा. मी चौथी शिकलेली बाई आहे. बीडकडून इथे आले आणि बावीस वर्षं भोसरीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटल्या. जसं झालं तसं लिहिते.

आम्ही पिंपळे गुरवला राहतो. संतोष टेम्पो चालवतो, रात्री दहाच्या आत घरी येत नाही. नात स्वरा पहिलीत आहे. रोहिणी चाकणच्या बाजूला, निघोज्याजवळच्या एका कंपनीत तपासणीला आहे. गाडीचे छोटे भाग मोजायचे, बरोबर ते पुढे, चुकीचे ते लाल ट्रेमध्ये. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं डिग्रीच्या जोरावर तिच्या वर गेली. म्हणून तिने ऑनलाइन बीबीए धरलं. तिने धरलं म्हणते, पण मागे मीच लागले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून झालं होतं, की माझी सून ऑफिसर होणार.

लेक्चर रोज संध्याकाळी सात ते नऊ. मध्येच लॅपटॉपवर टिंग वाजायचं आणि एक चौकोन यायचा. तुम्ही आहात का, असं त्यात इंग्रजीत विचारलेलं असायचं, खाली हिरवं बटन. एका मिनिटात दाबलं नाही तर हजेरी गेली. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत.

फर्स्ट शिफ्टला ती पहाटे बाहेर पडून चारपर्यंत घरी यायची, तेव्हा जमायचं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ती सातला कंपनीत असायची. तिने मला बटन दाखवलं. "आई, टिंग वाजलं की इथे बोट ठेवायचं. बाकी कशाला हात लावू नका." म्हणजे ती कंपनीत आणि मी कॉलेजात. मी पदर सारखा करून बसायचे. ते सर इंग्रजीत बोलायचे, मी लसूण सोलायचे आणि टिंग वाजलं की बोट ठेवायचे. एकदाही चुकले नाही. मला त्याचा अभिमान होता.

पुढे पुढे फर्स्ट शिफ्टलाही मीच बसायला लागले. आधी ती म्हणायची, "पोळ्या होईपर्यंत बसा." मग मीच म्हणायला लागले, "पड जरा पाच मिनिटं, मी आहे." असं आठ महिने चाललं. राहिलेला अभ्यास ती पहाटे उठून करायची आणि तशीच बस धरायची.

आता लक्षणं सांगते, कारण ती मी बघितली होती. तिचं डोकं रोज दुखायचं. छातीत धडधडायचं, त्यावर नाक्यावरच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. स्वराचा डबा स्वतःच्या पर्समध्ये घालून ती कंपनीत गेली, असं दोनदा झालं. एकदा म्हणाली, "आई, आज मापाचा गेज हातात घेतला आणि तो कशावर लावायचा तेच आठवेना. रोजचं काम. नुसती बघत उभी राहिले." मी विचारलं, "जेवली होतीस का?"

आणखी एकदा बूट घालता घालता म्हणाली, "बस कुठेतरी धडकली तर चार दिवस सुट्टी तरी मिळेल." मी हसले. म्हटलं, "सुट्टीच पायजे तर अर्ज दे की. बसमधल्या बाकीच्यांनी तुझं काय वाकडं केलंय?" तीसुद्धा हसली.

आणि शेवटचं. लेक्चर चालू होतं, ती मागे गादीवर पडलेली. मला वाटलं झोपली. टिंग वाजलं, मी वळून बघितलं तर तिचे डोळे उघडे होते. छताकडे बघत होती, पापणी हलत नव्हती. मी तिच्याकडे बघितलं आणि बटन दाबलं.

तो शुक्रवार होता. सोमवारी दुपारी तिच्या फोनवरून मला फोन आला, पण बोलत होते कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. "आजी, मॅडम उतरंनात. त्यांचा स्टॉप मागं गेला, शेवटचा बी आला. डोळ्यातनं पाणी येतंय पण बोलंनात. तुमी या लवकर."

आम्ही गेलो तेव्हा ती शेवटच्या सीटवर खिडकीजवळ पर्स मांडीवर घेऊन बसली होती. संतोषने हाक मारली तर त्याच्याकडे बघितलं, पण ओळख दिसली नाही. मी खूप मरणं बघितली आहेत, नवऱ्याचंही. एवढी कधी भ्याले नव्हते. लहानपणी आमच्या गावात एक बाई अशीच गप्प झाली होती. सासरच्यांनी तिला माहेरी सोडली आणि माहेरच्यांनी गोठ्यात ठेवली. मी तिला तिथे बघितली होती. बसच्या पायरीवर मला तीच दिसत होती.

पिंपरीच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. सोमवारी ईसीजी झाला, म्हणजे हृदयाचा आलेख. चांगला आला. शुगर, बीपी चांगलं. रक्त कमी निघालं. मग सीटी स्कॅन, म्हणजे डोक्याचा आतून फोटो. त्यातही काही नाही. मला वाटायचं काही नाही म्हणजे बरं. दवाखान्यात तसं नसतं. काही निघालं नाही की पुढची तपासणी.

मंगळवारी एमआरआय झाला. तोही फोटोच, पण जास्त बारीक. रोहिणीला त्या नळीत सरकवताना मी दारात उभी होते. ती लहान पोरासारखी सांगेल तसा हात ठेवत होती. मग ईईजी झाला, डोक्याला वायरी लावून मेंदूतली वीज मोजतात. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही बसलेलो. शेजारची मंदाबाई डबा घेऊन आली आणि म्हणाली, "लई शिकायचं डोक्यात घेतलं ना, आता बसली डोकं धरून." मी म्हटलं, "डबा ठेव आणि जा." ती गेली. पण तिचं बोलणं मला लागलं, कारण शिकायचं तिच्या डोक्यात मीच घातलं होतं.

संध्याकाळी मेंदूचे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "हे नक्की कधीपासून? आधी काही बदल? विसरणं, काम सोडून देणं?"

संतोष म्हणाला, "नाही सर, एकदम ठणठणीत होती. नोकरी करून शिकते. शुक्रवारपर्यंत एक लेक्चर सोडलं नाही तिने. हे बघा." त्याने मोबाइलवर हजेरी दाखवली. सगळे खण हिरवे.

डॉक्टरांनी ते बघितलं. "म्हणजे दोन-तीन दिवसांत अचानक झालं," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, की असं एकाएकी झालं तर एन्सेफलायटिसची शंका घ्यावी लागते. म्हणजे मेंदूला सूज. त्यासाठी उद्या लंबर पंक्चर करू. कमरेत मणक्यांच्या मधून सुई घालून तिथलं पाणी तपासायला काढतात.

मी तिथेच उभी होते. ते हिरवे खण माझ्या बोटाचे होते. मी बोलले नाही.

का बोलले नाही तेही सांगते. मला वाटलं, हे कॉलेजला कळलं तर तिचं नाव काढून टाकतील. दोन वर्षांची मेहनत जाईल, आणि ती शुद्धीवर येऊन विचारेल, आई, हे काय केलंत? हे एक कारण. दुसरं कारण, पोरगी माझ्या डोळ्यांसमोर खचत होती आणि मी ते झाकत होते, हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. स्वतःलासुद्धा.

बुधवारी सकाळी सिस्टरने संमतीचा कागद आणला. संतोष मोठ्याने वाचत होता. तेवढ्यात पलीकडच्या पेशंटच्या माणसाचा मोबाइल वाजला. टिंग. तसाच आवाज.

रोहिणीचं बोट हललं. उजव्या हाताचं पहिलं बोट तिने उचललं आणि चादरीवर दाबलं. तोंड भिंतीकडेच. परत टिंग वाजलं, परत बोट दाबलं.

संतोषने सही करायला पेन उघडलं होतं. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि बाहेर जाऊन डॉक्टरांना गाठलं. ते दुसऱ्या पेशंटकडे निघाले होते.

"डॉक्टर, ती हजेरी तिची न्हाई. माझी हाय."

संतोष मागून आला. "आई, काय बोलायलीस तू?"

"तू गप. डॉक्टर, आठ महिने झाले, बटन मी दाबतेय. ती मागे पडून असायची. आधी झोपायची, मग झोपणंबी बंद झालं. नुसती बघायची."

डॉक्टर थांबले. "हे काल का सांगितलं नाही, आजी?"

"भ्याले."

"कोणाला?"

"कॉलेजला."

ते हसले नाहीत. "सुई कॉलेज घालणार नव्हतं, मी घालणार होतो," एवढंच म्हणाले आणि तिथेच बाकावर माझ्याशेजारी बसले. मग त्यांनी एकेक विचारलं. झोप किती, जेवण किती, विसरायला कधीपासून लागली. मी सगळं सांगितलं. डबा, गेज, छत. त्यांनी विचारलं, "मरणाबद्दल काही बोलली होती का?" मी नाही म्हणणार होते. मग बूट घालतानाचं आठवलं. ते सांगितलं, तेव्हा त्यांचं लिहिणं थांबलं.

"ती चेष्टा नव्हती, आजी."

असं कोणी तुमच्या घरात बोललं, हसत बोललं तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मी अर्ज दे म्हणाले होते.

मणक्याची तपासणी त्यांनी एक दिवस थांबवली. ती तपासणी वाईट नसते, तिने पाय लुळे पडत नाहीत, हेही त्यांनी मला समजावलं. पण आधी डॉक्टरीणबाईंना बोलवलं. त्या दुपारी आल्या. रोहिणीजवळ खुर्ची ओढून बसल्या, तासभर फार काही न बोलता. संध्याकाळी परत आल्या, तेव्हा त्यांनी वर लिहिलं ते निदान सांगितलं. सुई लागली नाही.

औषध सुरू झालं. त्याचा गुण यायला दोन-तीन आठवडे जातात, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर धीर सुटतो. पाचव्या दिवशी ती "पाणी" म्हणाली. अकराव्या दिवशी घरी आलो. बाईंनी बजावलं होतं, तिला एकटं ठेवायचं नाही आणि गोळ्या तिच्या हाती द्यायच्या नाहीत. मी गोळ्यांचा डबा कपाटात ठेवला आणि किल्ली गळ्यात घातली. ती न्हाणीघरात गेली की मी दाराबाहेर बसायचे. पाण्याचा आवाज थांबला की मी दाराला कान लावायचे. "रोहिणे?" मी हाक मारायचे. "अहो आई, साबण लावतेय," असं ती पहिल्यांदा वैतागून म्हणाली, त्या दिवशी मी पोटभर जेवले.

बटनाचं मी डॉक्टरांना सांगितल्याचं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत. मला सांगताच येत नव्हतं." दोन महिन्यांनी तिने स्वतः कॉलेजला पत्र लिहून सगळं खरं सांगितलं. मी नको म्हणत होते. त्यांनी ती सगळी हजेरी रद्द केली. आठ महिने मी ज्याच्यासाठी बसले ते गेलं. पण नाव काढलं नाही, पुढच्या वर्षी परत बसता येईल म्हणाले.

आता ती कामावर जाते, गोळ्या अजून चालू आहेत. महिन्यातून एकदा बाईंकडे जातो. यंदा दोनच विषय घेतलेत आणि कंपनीत सांगून फर्स्ट शिफ्ट मागून घेतली आहे. त्या ड्रायव्हरना मी दिवाळीत फराळाचा डबा दिला. ते शेवटच्या सीटपर्यंत चालत गेले नसते तर, हा विचार मी पुरा करत नाही. आणि त्या घाईतल्या डॉक्टरांनी बाकावर बसून माझं ऐकलं, त्यांचे उपकार आहेतच.

भीती गेलेली नाही. रोहिणी जरा जास्त वेळ एका जागी बघत बसली की मी हातातलं काम टाकून तिला हाक मारते.

गेल्या आठवड्यात तसंच झालं. लेक्चर चालू होतं आणि ती उठून गादीवर जाऊन पडली. मी लॅपटॉपशेजारी लसूण सोलत होते. टिंग वाजलं, चौकोन आला. माझं बोट आपोआप उचललं गेलं.

मी हात पदराला पुसला, उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. डोळे उघडे होते.

"आहेस का गं?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आहे, आई. दमलेय. आज नको वाटतंय."

"मग राहू दे."

मिनिट झालं. चौकोन गेला आणि तिथे लाल खूण आली. मी तिच्या पायावर चादर घातली आणि लॅपटॉप मिटला.