संडासाच्या जागेवरचा देव

नागभीडकडच्या एका मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, बोटिंग सुरू झालं आणि त्याच्या बांधावर चहा-भज्यांच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. पर्यटकांसाठी, आणि खरं तर टपऱ्यांवरच्या बायकांसाठीही, तिथे संडास मंजूर झाला. त्या भागात पुरातन माणसांनी मृतांसाठी रचलेली दगडांची वर्तुळं जागोजाग आहेत, म्हणून खोदकामाआधी जमीन तपासायला पुरातत्त्व खात्याने मला पाठवलं; काही निघालं तर काम थांबणार होतं. एका संडासासाठी एवढी छाननी, म्हणून मी जरा नाक मुरडूनच गेले.

मी पोचताच भज्यांच्या टपरीवरच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, इथी काई सापडू देऊ नका. इतवारी एवढे लोक रायते, आमी बायांनी कुठी जावं? मी त सकाळपासून पानीच पेत नाई."

सर्वेक्षणाला निघाले की मीही पाणी पीत नाही.

मी चाचणीचा खड्डा आखला. मुरमात एका कोपऱ्याची खुंटी बसेना, तेव्हा तलावाकाठचा एक गोल धोंडा आणून तिथे ठेवला आणि वाकून वाकून त्याच्यापासून मापं घेतली. खापराचा तुकडादेखील निघाला नाही. आजूबाजूला सगळीकडे वर्तुळं, मोकळी जागा तेवढीच. मी खुशीत होते.

काम सुरू व्हायच्या सकाळी पाहते तर धोंड्याला शेंदूर, पुढे फोडलेला नारळ. काही सापडू नये म्हणून बाईंनी त्यालाच नवस केला होता आणि तो फेडलाही होता. खोदायला आलेल्या मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. देव उठवून तिथे संडास? कोणी पुढे होईना.

"अहो, हा दगड मी ठेवलाय!" मी ओरडलेच.

"देव कोनाच्या ना कोनाच्या हातानंच येते, मॅडम," एक मजूर शांतपणे म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

ठेकेदार म्हणाला, काम रद्द करून टाकतो. बाईंचा चेहरा पार उतरला. मला त्यांचा राग आला आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. आपल्याच हातांनी त्यांनी आपला संडास घालवला होता.

बाई तलावावर जाऊन हातपाय धुऊन आल्या. डोक्यावर पदर घेऊन धोंड्यासमोर बसल्या आणि सगळ्यांदेखत मोठ्याने बोलू लागल्या.

"देवा, तू माजं आयकलं. आता अजून एक आयक. आमाले दिवसभर रोकून बसा लागते. पोट दुखते, कोनाले सांगता येत नाई. तुले काई इथीच बसा लागते असं नाई ना? चाल, मोहाखाली सावली हाये."

त्यांनी देव ओटीत घेतला आणि मोहाच्या झाडाखाली नेऊन बसवला. मजूर माना खाली घालून उभे होते. त्यांच्याही घरी बाया होत्याच. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क मजुराने मोहाकडे पाहून हात जोडले आणि पहिली कुदळ मारली.