झोपलेल्या माणसाचं माप

माझ्या मावशीला तिचं माप चुकलंय असं सांगायची कुणाची छाती होत नाही. चाळीस वर्षं ती कपडे अल्टर करून देते. शर्ट ढगळ वाटतोय असं गिऱ्हाईक म्हणालं, तर ती गिऱ्हाइकालाच ताठ उभं राहायला सांगते. नाकावर माशी बसू देत नाही आणि वर म्हणते, "मी काय कुणाला बोलते का?" मी तिची सख्खी भाची. तिच्या दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहते आणि आठवड्यातून एकदा तरी तिच्याशी भांडते. तेव्हा हे सगळं प्रेमानंच लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. माझा कोट सध्या तिच्याकडे आहे आणि मला तो परत हवाय.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, बसचे ड्रायव्हर. तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. नियमाला पक्के. शेवटच्या थांब्यावर कुणी झोपलेलं दिसलं, तर खांद्याला हात लावून उठवायचं आणि खाली उतरवायचं, हा कंपनीचा नियम. काकांनी त्यातून स्वतःच्या साहेबालाही सोडलं नव्हतं. त्यांचं घोरणं मात्र साऱ्या गल्लीला पाठ. आम्ही त्यांना 'इंजिन' म्हणायचो आणि हसायचो. मावशी हसायची नाही. हे इंजिन मधेच बंद पडतं, हे तिला माहीत होतं. घोरणं थांबलं की श्वासही थांबायचा, पंधरा सेकंद, वीस सेकंद. मग ती कोपरानं ढोसायची आणि काका धापा टाकत पुन्हा सुरू व्हायचे. किती वर्षं तिच्या डोळ्याला धड डोळा लागला नव्हता, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

मग एक दिवस सिग्नल हिरवा झाला आणि काकांची बस हललीच नाही. मागे हॉर्नचा गोंगाट, आत माणसं उभी, आणि काका स्टिअरिंगवर हात ठेवून गाढ झोपलेले. कुणाला काही झालं नाही. पण कंपनीनं त्यांना त्याच दिवशी गाडीवरून काढलं आणि डेपोत, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, स्लीप ॲप्निया. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, आणि माणूस आठ तास झोपूनही झोपलेला नसतो. रोज मास्क लावून झोपायचं, मशीन घशात हवा ढकलत राहील. किती तास लावला, तेही मशीनच मोजेल. सलग महिनाभर रोज निदान चार तास भरले तर पुन्हा बस. नाहीतर निवृत्त होईपर्यंत लोकांच्या छत्र्या सांभाळायच्या.

काका कुरकुरले नाहीत. पण घरी खुर्चीत बसले की त्यांचा उजवा पाय नकळत ब्रेक दाबायचा. मावशी ते बघायची आणि तोंड फिरवायची.

मास्क घरी आला त्याच दिवशी तिनं काकांना आरशासमोर ताठ बसवलं, चष्म्यावरून पाहिलं आणि निकाल दिला, "ढगळ आहे." टेप काढली, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या अर्धा अर्धा इंच आत घेतल्या, वर दुहेरी टाके मारले. मास्क असा चपखल बसला की तिनं मला मुद्दाम खाली बोलावून दाखवला. मीही मान डोलावली. मला काय कळतंय त्यातलं!

दहा दिवसांत एकदाही चार तास भरले नाहीत. हवा फुसफुसत डोळ्यांत जायची, नाकावर लाल वळ उठायचे, आणि काका झोपेतच मास्क ओढून फेकून द्यायचे. मावशीनं आणखी पाव इंच आत घेतला.

"तुम्ही हलता फार," ती म्हणायची.

"अगं, झोपेत हलतो. जागा असतो तर तुला विचारून हललो असतो."

शेवटी मीच, मावशीला न विचारता, मशीन बसवून गेलेल्या मुलीला फोन केला. ती दुपारी दुकानातच आली. मास्क उलटसुलट करून पाहिला.

"या पट्ट्या कुणी शिवल्या?"

"मी," मावशी म्हणाली. "का?"

"काकू, काम सुरेख आहे. पण हा जितका आवळाल तितकी आतली गादी चेपते आणि हवा बाहेर पळते. आणि माप कसं घेतलंत?"

"कसं म्हणजे? ताठ बसवून."

"झोपल्यावर चेहरा तसाच राहतो का?"

आता या मुलीचं काही खरं नाही, असं मी मनात म्हटलं. मावशीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चाळीस वर्षं उभ्या माणसांची मापं घेतली," ती म्हणाली. "आडवा माणूस माझ्याकडे कधी आलाच नाही." मग बारीक कात्री घेऊन तिनं स्वतःचे टाके उसवायला घेतले, एकेक करून. तिला स्वतःचं काम उसवताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

कापायच्या टेबलावरचे कपडे बाजूला झाले. दोन कोट घडी करून उशाला ठेवले, त्यातला एक माझा.

"अहो, झोपा इथे."

"इथे? गिऱ्हाइकं येतील."

"येऊ देत."

काका बूट काढून आडवे झाले. मशीन सुरू झालं. मावशी त्यांच्या नाकाशी कान नेऊन हवा कुठून निसटतेय ते ऐकत होती, मुलगी सांगेल तशी पट्टी जराशी सैल करत होती. हळूहळू फुसफुस थांबली. काका हरवलेल्या छत्र्यांबद्दल काहीतरी पुटपुटत होते, तेही थांबलं. दुकान एकदम शांत झालं.

मावशी दचकली. तिनं कोपर उचललं. इतकी वर्षं तिच्या लेखी शांत म्हणजे श्वास थांबलेला. मुलीनं तिचा हात धरला आणि काकांच्या छातीवर ठेवला. छाती संथपणे वरखाली होत होती.

"हे असं असतं?" मावशीनं विचारलं.

"असंच असतं, काकू."

मावशीनं हात तिथून काढला नाही. पँट न्यायला आलेला माणूस दारातच थबकला, तेव्हा ती तशीच बसून कुजबुजली, "उद्या या. टेबल रिकामं नाही."

डॉक्टरांनी महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला. या वेळी एकही दिवस कमी भरला नाही, सही झाली, आणि काकांना त्यांची बस मिळाली. पहिल्या फेरीला मावशीनं दुकान बंद ठेवलं, मला बरोबर घेतलं आणि ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसली. "लक्ष ठेवायला," म्हणाली. तिसरा थांबा येईपर्यंत तिची मान माझ्या खांद्यावर कलली होती. दुकानाजवळचा थांबा आला आणि गेला. ती गाढ झोपली होती.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. काका मागे आले, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात तिच्या खांद्याकडे गेला. तिथेच थांबला.

"काका, नियम," मी हळूच म्हटलं.

"हिनं इतकी वर्षं मला उठवलं, म्हणून मी आहे," ते म्हणाले. "आज हिला कुणी उठवायचं नाही."

मग ते जाऊन जागेवर बसले आणि बस इतकी अलगद निघाली, की तिची मान माझ्या खांद्यावरून हललीसुद्धा नाही.