बेमालूम झाकण

माझा मेव्हणा फरशी बसवतो. सगळे त्याला बेमालूम म्हणतात. नाव मी ठेवलं. कौतुकाने नव्हे, वैतागून.

मी जन्मभर नळ-पाइपांचं काम केलं. मी पाइप टाकायचा आणि मागून येऊन त्याने ते झाकायचे, असा आमचा संसार. पण झाकायलाही काही मर्यादा असते. याने व्हॉल्व्ह झाकले, सफाईची तोंडं झाकली. एकदा माझा पाना भिंतीच्या खाचेत राहिला, त्यावरही फरशी चढवली. "अरे, माझा पाना कुठेय?" म्हटलं, तर भिंतीवरून हात फिरवत म्हणतो, "दाजी, इथे सांधा आहे हे तरी कळतंय का?" पाना त्याच्या कानावर पडलाच नाही.

त्याची पद्धत ठरलेली. फरशा बसवून झाल्या की डोळे मिटून तळहात फिरवायचा. केसाएवढा उंचवटा लागला की ती फरशी काढायची. मालक म्हणायचे, "राहू द्या हो, चालेल." हा म्हणायचा, "तुम्हाला चालेल. मला झोप लागायची नाही." दिवसभराचं काम संध्याकाळी स्वतःच उखडताना मी त्याला पाहिलं आहे. मेहनतीत तो कुठे कमी नाही. कामचुकार माणूस परवडतो, त्याला दम देता येतो. गरजेपेक्षा जास्त काम करणाऱ्याला काय सांगणार?

माझी बायको म्हणजे त्याची थोरली बहीण. तिला संधिवात आहे. सकाळी तिची बोटं मिटत नाहीत. कप धरता येत नाही, गुंडी लावता येत नाही, आणि मी लावायला गेलो तर तिला आवडत नाही. औषधं करून झाली, लेप झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी गरम पाण्यात अंग बुडवून बसा. खरोखरच गुण आला. शेजारच्या पोहण्याच्या तलावावर गरम पाण्याचा हौद आहे, तिथे ती काही दिवस गेली, तर परतताना पिशवी स्वतः धरून आली. पण रोज कोण नेणार? म्हणून घरातच टब बसवायचा ठरला.

टब मी बसवला. समोरची बाजू झाकायचं काम बेमालूमने घेतलं. मी आधीच बजावलं होतं.

"हे बघ, टबाच्या खाली माझा सांधा आहे. सांधा म्हणजे कधीतरी गळणारच. तिथे हात घालायला झाकण ठेव. निघणारं झाकण."

"ठेवतो की."

"आणि दिसू दे."

"दाजी, दिसलं तर ते झाकण कसलं? भोक झालं."

त्याने लाकडी चौकट उभी केली, तिच्यावर सिमेंटचा पत्रा ठोकला, त्यावर लहान पांढऱ्या फरशा. त्यातल्या चार फरशा वेगळ्या तुकड्यावर चिकटवल्या. तुकड्याला मागून खटके, कपाटाच्या दाराला असतात तसे. भोवतीच्या फटीत सिमेंट नाही, पांढरं मऊ सिलिकॉन. काच उचलायचा रबरी चोषक लावून ओढलं की खटके सुटतात आणि तुकडा हातात येतो. कल्पना चांगली होती. वाईट एवढंच की काम झाल्यावर त्याने मला आत बोलावलं आणि म्हणाला, "शोधा."

मी गुडघे टेकून नखाने सगळ्या फटी चाचपल्या. वाजवून पाहिलं. सगळी बाजूच पोकळ, सगळीकडे एकच आवाज.

"हरलो. सांग आता."

"गरज लागली की मी आहेच ना," असं म्हणून गडी हात धुऊन गेला.

टब सुरू झाला. बायकोची सकाळ सुधारली. तासभर पाण्यात बसून यायची आणि स्वतःचा चहा स्वतः करायची. माझी तक्रार एकच होती. घरात माणसं दोन आणि टूथपेस्ट बघता बघता संपायची. "दात घासतेस की भिंती?" मी विचारायचो. ती चहा गाळायला वळायची.

मग पॅसेजमध्ये भिंतीच्या पायाशी ओल आली. मी हात लावून पाहिलं आणि टब बंद केला. टबाखालचाच सांधा होता. वायसर बदलायचा, पाना फिरवायचा, एवढंच काम. बेमालूमला निरोप धाडला. तो चोषक घेऊन हजर.

"नळाच्या बाजूला," तो म्हणाला. लावला, ओढला. काही नाही. "नाही, खालच्या ओळीत." काही नाही. मग दुसऱ्या टोकाला. चोषक फट् करून सुटला आणि हा मागच्या बादलीवर बसला.

"खटके घट्ट झाले असतील," तो म्हणाला.

"सगळ्या भिंतीचे?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. इकडे टब कोरडा आणि बायकोची बोटं परत पहिल्यासारखी. त्या सकाळी तिच्या हातून कप सुटला. फुटला याचं काही नाही, पण ती तुकड्यांकडे बघत नुसती उभी राहिली. मी हातोडा काढला.

बेमालूम मला आडवा आला. "दाजी, ह्या फरशा आता मिळत नाहीत."

"नाही मिळाल्या तर नाही."

"फोडलं तर चौकट हलेल. सगळं नव्याने करायला लागेल. वाळेपर्यंत ताईला टब नाही. महिना जाईल."

"मग झाकण दाखव!"

त्याची मान खाली. मग म्हणाला, "सिलिकॉन जरा चकाकत होतं. बाकीच्या फटी मंद आणि तीच चमकणार. बघवेना. तुम्हाला शोधायला बोलावलं त्याच्या आधी, तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा, मी वरून सिमेंट भरलं."

"झाकणाच्या फटीत? सिमेंट?"

"पातळच. मग ते नवं पांढरं आणि बाकीचं जुनं दिसायला लागलं. म्हणून सगळ्याच फटी नव्याने भरल्या. एकसारख्या." फरशांकडे बघत म्हणाला, "फार छान जमलं होतं."

मी कपाळावर हात मारला. हातात हातोडा होता हे लक्षात राहिलं, हेच नशीब. निघणारं झाकण करायचं, ते चिणायचं, आणि कुठे चिणलं ते स्वतःलाच कळणार नाही अशी तजवीज करायची! असा माणूस शोधून सापडणार नाही. आणि तो माझ्या बायकोचा भाऊ.

"सरक," मी म्हणालो आणि हातोडा उचलला.

"थांबा हो," दारातून बायको म्हणाली. "मधल्या दोन ओळी. डोक्याच्या बाजूने पाचव्या फरशीपासून."

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

"तिथल्या फटीला चीर पडते. मी टबात बसले, पाणी हाललं की पडते. चौकोनी."

बेमालूमचा चेहरा उतरला. "चीर? माझ्या कामाला?"

"मला कशी दिसली नाही?" मी विचारलं.

"मी बुजवत होते. टबातून उठले की बोटं चालतात, तेव्हा."

"कशाने?"

"टूथपेस्टने."

"अगं, पण सांगायचं की!"

"कुणाला? तुम्हाला? चीर दिसली असती तर वर्षभर त्याला बोलला असता. पाना अजून संपलेला नाही तुमचा."

मी पाती शोधायला गेलो. बायकोने सांगितलेल्या जागी बेमालूमने पाती फिरवली. पुदिन्याचा वास आला, मग पांढरा चुरा पडला. चोषक लावला, ओढला. कट् कट् करून खटके सुटले आणि चार फरशा त्याच्या मांडीवर आल्या. मी आत हात घातला. जुना वायसर दबून चपटा झाला होता. नवा घातला, पाना फिरवला, पाणी सोडून पाहिलं. कोरडं. तीन दिवस छळून काम निघालं ते चहा उकळायच्या वेळेचं.

झाकण परत लावायच्या आधी बायको भावाला म्हणाली, "याला मूठ लाव. मला धरता येईल अशी."

"ताई, मूठ? समोरून?"

"समोरून."

त्याला किती लागलं ते दिसत होतं. पण बहिणीपुढे त्याचं चालत नाही. दुसऱ्या सकाळी तो गोल पितळी मूठ घेऊन आला. मी म्हटलं, सुटलो एकदाचे, आणि त्याला एकटं सोडून पाइप आवरायला मागे गेलो. तिथेच चुकलं.

परत येऊन बघतो तर फटी पुन्हा सगळ्या एकसारख्या, आणि समोरच्या बाजूला तीन मुठी. एक डावीकडे, एक मध्ये, एक उजवीकडे. एका रेषेत, सारख्या अंतरावर.

"हे काय आहे?"

"एकच मूठ वाईट दिसते, दाजी. डोळ्याला खटकते."

"बरं. यातली झाकणाची कुठली?"

त्याने तोंड उघडलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग डोळे मिटून तळहात फिरवायला लागला.

टबातलं पाणी अजून कोमट होतं. बायको तासाभरापूर्वीच त्यातून उठून, केस पुसून, आमच्या मागे येऊन उभी होती. तिने एका हातातला चहाचा कप माझ्या हातात दिला, वाकली, मधल्या मुठीभोवती बोटं मिटली आणि ओढलं.

कट् कट्.