बेडशाचा गार उंबर

या विश्वात विज्ञानाला उलगडणार नाही असं काही नाही, ही माझी आजही श्रद्धा आहे. श्रद्धा म्हणतो, कारण पुरावा एकदा माझ्या तळहातावर होता... आणि त्याचं पाणी झालं.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधीची गोष्ट. मी मावळात बेडशाच्या शाळेत मास्तर होतो. लेण्यांकडे चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशी एक उंबर होता. भर वैशाखात त्याच्या बुंध्याला हात लावला की बोटं बधिर व्हायची. सालीच्या भेगांत कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे किडे—सोंड खोडात खुपसून चीक पीत बसलेले. त्यांच्याभोवती सालीवर चक्क बर्फाचा पापुद्रा. एक किडा मी तळहातावर घेतला. सहा पाय हलले, आणि बघता बघता नुसता थेंब उरला.

गावाला त्याचं काही अप्रूप नव्हतं. धोंडामावशी, एका म्हशीवर संसार ओढणारी विधवा, संध्याकाळचं दूध किटलीत भरून त्या बुंध्याला टेकवून ठेवायची. सकाळी कामशेतला गाडी धरून ते लोणावळ्याच्या बंगल्यांवर घालायची. दूध एकदा नासलं की बंगलेवाले दुसरी बाई बघणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग कोणी बडे साहेब लोणावळ्याला उतरले. ते लेणी बघायला येणार अशी वर्दी आली आणि सरबराईला एक कारकून. वाटेतल्या दगडांना चुना, झाडांना चुना, वर गेरूचा पट्टा—दुसरं स्वागत त्याला माहीत नव्हतं. उंबरापाशी तो थबकला.

"कीड लागलीय. साहेबांना हे दाखवायचं?"

"सायब लेनी बघाया येतोय का उंबराचं बूड?" मावशी म्हणाली. "ऱ्हाऊ द्या भाऊ. माजं दूद टिकतंय त्येच्यावर."

मी म्हटलं, पुण्याच्या कॉलेजातलं कोणी येऊन बघू दे तरी.

"कॉलेज मागाहून, मास्तर. आधी चुना."

कळीचा चुना घमेल्यात नुकताच विझवलेला, खदखदत होता. कारकुनाच्या गड्यांनी तो तसाच कुंचल्याने फासला. मी आडवा उभा राहिलो, तर गडी मला वळसा घालून रंगवत राहिले. सालीतून पाणी ओघळलं... बुंधा ओला झाला, मग कोमट. कारकुनाने चार पावलं मागे सरून झाड न्याहाळलं. "आता कसं सभ्य दिसतंय," म्हणाला. त्या माणसाचा राग मला या वयातही आवरत नाही.

मावशीने सवयीने किटली तिथेच टेकवली. सकाळी दूध फाटलं होतं. हार घेऊन उभ्या असलेल्या कारकुनापुढे तिने किटली आदळली. "घ्या, सायबाला पाजा." बंगले तुटले. पावसाच्या आधी म्हैस विकली.

पुढचे कित्येक उन्हाळे मी तो बुंधा चाचपला. कोमटच. ते किडे कुठले, मावळच्या उन्हात एवढी थंडी कुठून आणत होते—मला कळलेलं नाही. कळायला आता मागे काही उरलेलंही नाही.

साहेब आलेच नाहीत. लोणावळ्याच्या गार हवेने त्यांना सर्दी झाली होती.