घोडेवाल्याची भीती

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर मी पुरुष नसबंदीची पत्रकं वाटत होतो. एका घोडेवाल्याने पत्रक दोनदा वाचलं.

"तीन पोरं हायेत. डॉक्टर म्हणतात, पुन्हा दिवस गेले तर बायको वाचायची नाय. मलाच ऑपरेशन करायला सांगतात." बोलताना तो घोड्याची आयाळ बोटांनी पिंजत होता. "पण दादा, ह्याला खच्ची केला तवापासून ह्याची मस्तीच गेली. माझं बी तसंच होणार ना?"

"नाही. घोड्याची अंडंच काढतात. माणसाची फक्त बीजाची नळी बांधतात. मर्दानगी तशीच राहते."

त्याला ते पटेना. मला राग आला. "तुझी बायको तीन बाळंतपणांना सामोरी गेली, तिला भीती वाटली नसेल?"

तो पत्रकाची घडी खिशात घालून हळूच म्हणाला, "दवाखान्यात तुमी याल का संगं?"