दोन कॉलम एकदम

"एकटा कॉलम साळसूदच दिसतो रे," बाई म्हणायच्या आणि झडती घ्यायला आल्यासारख्या माझ्या स्क्रीनसमोर बसायच्या.

परळच्या आमच्या ऑफिसात त्या मॉडेलं, म्हणजे माहितीवरून अंदाज बांधणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम, तपासायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, मेथीची जुडी सोडून बघितल्याशिवाय न घेणारी. कोणी पेढा दिला तरी "कशाबद्दल?" विचारून मगच खायच्या. मला त्यांचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

तेव्हा मी नोकरीचे अर्ज चाळणारं मॉडेल केलं होतं. अर्जातल्या प्रत्येक माहितीचा एक, असे शेकडो कॉलम, आणि त्यांवरून मुलाखतीला कोणाला बोलवायचं याचा अंदाज मॉडेल बांधणार. कोणता कॉलम किती महत्त्वाचा, हे शोधायची रीत सोपी. त्यातली माहिती उमेदवारांमध्ये उलटसुलट करायची, म्हणजे शफल करायची. अंदाज बिघडले तर कॉलम महत्त्वाचा. मी पत्ता शफल केला, काही बिघडलं नाही. तो परत जागेवर आणून शाळा शफल केली, तरी नाही.

"बघा मॅडम, कोण कुठे राहतं ते हे बघतच नाही."

"अरे, एकाला हलवलंस की दुसरा सांभाळून घेतो. शाळा कळली की वस्ती कळलीच ना? दोघांना एकदम शफल मार."

मारलं. अंदाज धडाधड कोसळले. म्हणजे ते वस्ती बघतच होतं. मी गारच पडलो.

"तुम्हाला संशय कसा आला?"

"मी लालबागच्या चाळीतली. अर्ज टाकून थकले, एक कॉल नाही. मामांचा शिवाजी पार्कचा पत्ता लिहिला, तरी नाही. मग शाळेचं नावपण गाळलं. आठवड्यात दोन कॉल!"

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

बाईंनी मंजुरीची सही नाकारली. पुढच्याच महिन्यात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. काम कमी झालंय, असं आम्हाला सांगण्यात आलं. काम तर वाढलं होतं.

साहेबांनी तीच मंजुरीची फाइल माझ्यापुढे ठेवली. "एकेक कॉलम तपासलायस ना? मग झालं तर."

'प्रत्येक कॉलम स्वतंत्रपणे तपासला, दोष आढळला नाही,' असं लिहून मी सही केली. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मॉडेल अजून अर्ज चाळतंय.

बाईंची फार आठवण येते. नंबर आहे, पण फोन लावत नाही. "कसा आहेस?" विचारायच्या आधी त्या विचारतील, "सही कोणी केली रे?"