चकतीवरचं कुंकू

१२ ऑक्टोबर १९७८, गुरुवार. दसऱ्याची सुट्टी संपून गिरणी सुरू झाली होती आणि माझ्यापुढे काम एकच होतं: आमच्या कॉम्प्युटरची जुनी चकती काढून कोऱ्या चकतीवर त्याची सगळी यंत्रणा पहिल्यापासून चढवायची.

हे काम माझं नव्हतं. मी कार्ड पंचिंगच्या खोलीची सुपरवायझर; मशीनला द्यायची माहिती आम्ही कार्डांवर भोकं पाडून उतरवायचो. मशीन चालवणारा ऑपरेटर सणाला वैरागला घरी गेलेला, आमचे साहेब मुंबईला आणि मशीनचा इंजिनियर पुण्याला. त्या मशीनला कधी हात लावलेली माणसं गिरणीत उरली दोन: मी आणि माझ्या खोलीतली एक मुलगी. विणकराच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, नुकतंच लग्न झालेली. आणि मशीन बंद पडलं होतं ते तिच्याच हातून.

खंडेनवमीला गिरणीत मागांची पूजा होते. माग पुसायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि त्या दिवशी ते चालवायचे नाहीत. आमच्या बायकांनी पंचिंगच्या मशिनांची पूजा केली. कॉम्प्युटरची तिनं केली. मशीनच्या कपाटावर हळदकुंकू वाहून ती थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण त्यात एक काढघाल करायची चकती होती, जेवणाच्या ताटाएवढी, प्लास्टिकच्या चपट्या डब्यात बसवलेली. मशीनला जे काही येत होतं ते सगळं त्या चकतीवर. तिनं डबा बाहेर काढला, त्याची झडप सरकवली आणि थेट चकतीच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं.

गुरुवारी सकाळी मशीन चकती वाचेना. मी डबा काढून पाहिला आणि तिला विचारलं. तिनं काही लपवलं नाही. मागात सूत घेऊन इकडून तिकडं पळतो त्या धोट्याचं उदाहरण दिलं.

"घरी आमी धोट्यालाच लावतो की बाई. फिरतंय ते. डब्याला लावायचं म्हणजे देव सोडून देव्हाऱ्याच्या दाराला लावल्यावानी."

मी पुण्याला ट्रंक कॉल लावला. इंजिनियरला सोमवारशिवाय येणं जमणार नव्हतं आणि आमची हजेरीची कामं शुक्रवारपासून तुंबणार होती. त्यानं सांगितलं, चकती वाचणारा दांडा स्पिरिटनं हळूच पुसा, जुनी चकती पुन्हा आत घालू नका, कोरी लावा, कपाटातल्या टेपांवरून यंत्रणा चढवा. मग विचारलं, चकतीला झालं काय? मी म्हटलं, धूळ गेली. कुंकू ही काही वेगळी गोष्ट नव्हे.

फोन ठेवला तर ती दारातच उभी. जुन्या चकतीवर तिचं स्वतःचं काम होतं, ते टेपांवर नव्हतं. चादरींच्या ऑर्डरी घातल्या की कोणत्या रंगाचं सूत किती रंगवायचं ते सांगणारा एक प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. तिचे वडील सूत रंगवायचे, त्यामुळे कोणता रंग किती खातो हे तिला लहानपणापासून ठाऊक. साहेबांनी तिला शब्द दिला होता, शनिवारी चालवून दाखव, पंचिंगमधून मशीनवर घेतो. जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या टाइपरायटरवर बसून तिनं तो थेट आत लिहिला होता. कार्डावर उतरवून ठेव असं मी सांगितलं होतं, पण रोज काहीतरी बदलायचं, म्हणून पुरा झाला की घेते म्हणत राहिली.

"जुनी एकदाच लावू की बाई. माझं तेवढं कार्डावर काढून घेते, मग टाका."

"दांड्याला चरा पडला तर?"

"कडेलाच तर लागलंय."

"ती गरगर फिरणार. कुंकू कडेला बसून राहतंय होय? मशीनच गेलं तर शनिवारी साहेबांना काय दाखवशील, पूजा?"

तिनंच स्पिरिटची बाटली आणि मऊ फडकं आणलं.

मशीनची खोली गार असायची. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं आणि आत आम्ही दोघी खांद्यावर चादरी घेऊन काम करत होतो. चपला दाराबाहेर. ती सूचनांच्या कागदावरून आकडे वाचायची, मी त्याप्रमाणे मशीनच्या पुढचे खटके वर-खाली करायची. त्यानंतर भोकांची कागदी पट्टी आत सोडायची. मशीनला पुढची टेप वाचायची अक्कल एवढ्यानं येते. पहिल्यांदा मी एक खटका चुकवला आणि पट्टी मध्येच थांबली. तिनं पट्टी गुंडाळून पुन्हा लावली.

कोरी चकती आधी आखून घ्यावी लागते, वाफे पाडल्याखेरीज पेरता येत नाही तसं. तिची कुठली जागा खराब आहे का ते मशीन तपासत बसलं. तेवढ्यात आम्ही डबे खाल्ले. तिनं तिच्या डब्यातली शेंगाचटणी मला वाढली, माझ्यावर रागावलेली असूनही. मग मोठी टेप फिरायला लागली. मशीन टाइपरायटरवर प्रश्न विचारायचं, आजची तारीख काय, प्रिंटर कुठला. उत्तरं तिनं टाइप केली. माझ्यापेक्षा ती नीट करत होती आणि मी तिला करू दिलं.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला त्या सुमारास मशीननं तयार असल्याचं छापलं. चकतीवर काय काय आहे ते तिनं विचारून पाहिलं. यंत्रणेची सगळी नावं ओळीनं आली. तिचं त्यात काही नव्हतं. तिनं कागद फाडून त्याची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

"झालं ना बाई तुमचं काम?"

"माझं झालं. तुझं राहिलंय. उद्या लवकर ये."

"मला नाही आठवायचं सगळं."

"जेवण सोडून लिहिलंयस. आठवेल."

ती चपला घालून गेली. येईल की नाही, मला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीच्या आधी गेले. हजेरीच्या कामाचे गठ्ठे टेबलावर वाट पाहत होते, ते खाली जमिनीवर उतरवले. खिडकीजवळच्या पंचिंग मशीनचं आवरण काढलं आणि कोऱ्या कार्डांची चळत लावली. ती आली, केस ओलेच होते. माझा हात तिच्यापेक्षा दुप्पट चालतो हे तिलाही माहीत होतं, म्हणून मी तिला मशीनला हात लावू दिला नाही. शेजारी स्टूल ओढून दिलं. तिनं डोळे मिटले आणि पहिली ओळ सांगितली. मी ती पंच केली, कार्ड बाहेर आलं, ते उलटंपालटं करून तपासलं आणि म्हटलं, "पुढं."